एका कॉम्प्युटरवर दोन फायरवॉल: कोणती ठेवायची, कोणती काढायची आणि कोणत्या क्रमाने

टॅली उघडतं, पण लायसन्स सापडत नाही. कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज 'ऑफलाइन' दाखवतो. मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम जुळे सोलापुरातल्या घरून करते, तिचं व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडलं जातं आणि लगेच तुटतं. अशा वेळी लोक आधी राउटर बदलतात, मग केबलवाल्याला चार फोन करतात आणि शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून 'सगळ्या फायरवॉल बंद' करून मोकळे होतात. काम सुरू होतं खरं, पण फायरवॉल म्हणजे नेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टींवरचा पहारेकरी; तो नसला की कॉम्प्युटर उघडा पडतो.

यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू आहे आणि अँटीव्हायरसच्या पॅकेजबरोबर आलेली दुसरीही चालू आहे. उपाय अवघड नाही. चुकतो तो क्रम. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. विंडोज ११ धरून लिहिलं आहे. विंडोज १० वर मेनूची नावं थोडी इकडेतिकडे होतील, काम तेच राहील.

## आधी खात्री करा: खरंच दोन आहेत का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे घाई नको.

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. डावीकडे खाली 'सेटिंग्ज' आहे. त्यात 'मॅनेज प्रोव्हायडर्स' असा दुवा सापडेल. त्यावर क्लिक केलं की अँटीव्हायरस कोणता, फायरवॉल कोणती, अशी यादी येते. 'फायरवॉल'खाली किती नावं आहेत आणि प्रत्येकापुढे चालू आहे की बंद, ते कागदावर लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

चांगल्या पॅकेजची फायरवॉल बसली की ती विंडोजला तसं कळवते आणि विंडोजची फायरवॉल आपणहून बाजूला होते. एक चालू आणि एक बंद दिसत असेल तर ती नेहमीची, निरोगी स्थिती आहे. भांडण होतं ते दोन्ही 'चालू' असतात तेव्हा, किंवा एखादं पॅकेज अर्धवट काढलेलं असतं आणि यादीत नाव नसूनही त्याचा ड्रायव्हर (विंडोजच्या आत बसणारा छोटा प्रोग्राम) तसाच राहिलेला असतो तेव्हा.

आता, काय काय दुसरी फायरवॉल *नसतं* तेही बघा:

- राउटरमधली फायरवॉल. ती वेगळ्या यंत्रात आहे, तिचं या भांडणाशी काही देणंघेणं नाही. 'दोन नकोत' म्हणून राउटरची बंद करणारे भेटतात. ते करू नका.
- नुसता अँटीव्हायरस. 'टोटल सिक्युरिटी' किंवा 'इंटरनेट सिक्युरिटी' अशा नावाच्या पॅकेजमध्ये बहुधा फायरवॉल असते, साध्या अँटीव्हायरसमध्ये असेलच असं नाही.
- ग्लासवायर किंवा विंडोज फायरवॉल कंट्रोलसारखी साधनं. ही विंडोजच्याच फायरवॉलला हुकूम देतात. सिंपलवॉल मात्र स्वतःचे वेगळे फिल्टर लावतं, त्यामुळे ते मोजा.

आणि उलट, एक लपलेली गोष्ट मोजायची राहून जाते. व्हीपीएनमधला 'किल स्विच'. व्हीपीएन तुटलं की सगळं नेट अडवायचं हे त्याचं काम, म्हणजे तोही एक प्रकारची फायरवॉलच. व्हीपीएन बंद केल्यावर नेट जातं अशी तक्रार असेल तर आधी तिथे बघा.

इशारा: ब्राउझरमध्ये कोपऱ्यात 'तुमची फायरवॉल बंद आहे, इथे क्लिक करा' असं काही येत असेल तर ते या यादीत धरू नका. ती एखाद्या वेबसाइटची नोटिफिकेशन असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढा, दिलेल्या नंबरवर फोन करू नका.

तपासा: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफायची प्रॉपर्टीज. घरचं वायफाय तिथे 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं आहे का? तसं असेल तर विंडोज प्रिंटर आणि शेअर केलेले फोल्डर लपवून ठेवणारच. 'प्रायव्हेट' करून पुन्हा प्रयत्न करा. बऱ्याच घरांत प्रश्न इथेच मिटतो आणि पुढचं काही करावं लागत नाही.

## टप्पा १: कोणती ठेवायची ते आधी ठरवा

माझं मत सरळ आहे. घरच्या कॉम्प्युटरला विंडोजची फायरवॉल पुरते. बाहेरून येणारं, ज्याला परवानगी नाही ते सगळं ती अडवते आणि आतून बाहेर जाणारं सोडते. तिचा वेगळा खर्च नाही आणि विंडोजच्या अपडेटबरोबर तीही अद्ययावत होते.

पॅकेजची फायरवॉल ठेवण्याला दोनच चांगली कारणं आहेत. एक, कोणता प्रोग्राम बाहेर काय पाठवतो यावर तुम्हाला नजर ठेवायची आहे आणि येणारे प्रश्न वाचून उत्तरं द्यायची तयारी आहे. दोन, कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर तसा नियम आहे. कंपनीचा लॅपटॉप असेल तर खरं तर इथेच थांबा आणि त्यांच्या आयटी विभागाला कळवा.

'पैसे भरलेत' हे कारण नाही. पैसे अँटीव्हायरसचे भरले आहेत, तो राहू दे. क्विक हीलसारख्या पॅकेजमध्ये फायरवॉल हा वेगळा भाग असतो आणि तो तेवढाच बंद करता येतो.

म्हणजे रस्ते दोन:

रस्ता अ: पॅकेज ठेवायचं, त्यातली फायरवॉल कायमची बंद करायची.
रस्ता ब: पॅकेजच काढून टाकायचं. मुदत संपलेली ट्रायल असेल, नव्या लॅपटॉपबरोबर न मागता आलेलं काही असेल, किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पॅकेज एकत्र नांदत असतील तर हाच.

## टप्पा २: तयारी

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून लोक गाळतात, आणि मग नेट गेल्यावर सेटअप फाइल कशी उतरवायची या विचारात बसतात.

१. दिवस निवडा. घरी जीएसटीचं काम होत असेल तर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस सोडा. जीएसटीआर-१ आणि ३बी या विवरणपत्रांच्या मुदती तिथे असतात. डिजिटल सहीसाठी लागणारा एमसायनरसुद्धा फायरवॉलच्या घोळात 'कनेक्शन होत नाही' म्हणून बसतो.

२. पॅकेजची प्रॉडक्ट की लिहून ठेवा. नवी पेठेतल्या दुकानातून आणलेलं कार्ड बहुतेक घरांत हरवलेलंच असतं. की प्रोग्राममध्येच, 'अबाउट'सारख्या पानावर दिसते. मुदत कधी संपते तेही लिहा.

३. काढायच्या पॅकेजचं अधिकृत 'रिमूव्हल टूल' त्याच कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. मॅकॅफी, नॉर्टन, कॅस्परस्की, ईसेट यांची आपापली टूल आहेत. भलत्याच साइटवरचं 'सगळे अँटीव्हायरस काढणारं' टूल घेऊ नका.

४. बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करण्याची पद्धत) जाताना कॉम्प्युटर ही की मागू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मोबाइलवरून लॉगिन करा, ४८ अंकांची की तिथे आहे ना हे डोळ्यांनी बघा. नसेल तर सेफ मोडच्या वाटेला जाऊ नका.

५. खात्याचा पूर्ण पासवर्ड आठवतो ना? सेफ मोडमध्ये पिन चालेलच यावर विसंबू नका.

६. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधा आणि एक करून ठेवा; बिघडलं तर विंडोज त्या स्थितीला परत नेता येतं.

७. विंडोज फायरवॉलच्या नियमांची प्रत घ्या. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन', त्यात खाली 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'. जी खिडकी उघडेल तिच्या डावीकडच्या सगळ्यात वरच्या ओळीवर राइट क्लिक, 'एक्सपोर्ट पॉलिसी', आणि तारीख घालून नाव द्या. पुढे काही बिघडलं तर 'इम्पोर्ट पॉलिसी'ने सगळं जसंच्या तसं परत येतं.

तपासा: तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात आहात ना? मुलांसाठी केलेल्या खात्यातून यातलं निम्मं होणार नाही.

## टप्पा ३: दोषी कोण ते ओळखा

काढायच्या आधी अडवतं कोण हे कळलेलं बरं. इथे एक गोष्ट लक्षात असू द्या. दोन फायरवॉल म्हणजे एका चाळणीखाली दुसरी चाळणी. वरच्या चाळणीतून पडलेलं खालच्या चाळणीतून पडेलच असं नाही. म्हणून एकीत 'अलाउ' केलं तरी काम अडतं आणि माणूस म्हणतो, 'मी तर परवानगी दिली होती.'

घरच्या वायफायवर असताना पॅकेजची फायरवॉल थोडा वेळ बंद करा, विंडोजची चालू ठेवा. अडलेलं काम करून बघा. मग उलट करा. दोन्ही एकदम बंद करून काही कळत नाही.

विंडोजकडून खात्रीलायक उत्तर हवं असेल तर तिची नोंदवही उघडा. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जच्या खिडकीत वरच्या ओळीची प्रॉपर्टीज, 'प्रायव्हेट प्रोफाइल'चा टॅब, 'लॉगिंग'पुढचं 'कस्टमाइझ', त्यात 'लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स' ला 'येस'. फाइल कुठे बनते ते तिथेच लिहिलेलं असतं. अडलेलं काम पुन्हा करा, फाइल उघडा, त्या वेळेसमोर 'ड्रॉप' अशी ओळ आहे का बघा. ओळ नसेल तर विंडोज निर्दोष, दुसरीकडे बघा. काम झालं की लॉगिंग परत बंद करा.

## टप्पा ४: 'कॅन्सल'ने केलेली घाण साफ करा

हा टप्पा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त डोकेदुखी इथूनच येते.

नवा प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की विंडोज विचारतं, 'याला परवानगी द्यायची का?' घाईत आपण 'कॅन्सल' दाबतो. वाटतं, प्रश्न टळला. प्रत्यक्षात विंडोज त्या प्रोग्रामच्या नावाने अडवण्याचे नियम करून ठेवतं, बहुधा दोन, एक टीसीपीसाठी आणि एक यूडीपीसाठी (नेटवर माहिती पाठवायच्या या दोन पद्धती). पुढे तुम्ही हाताने परवानगीचा नियम लावला तरी उपयोग नाही, कारण विंडोजमध्ये अडवणारा नियम सोडणाऱ्या नियमावर भारी पडतो.

ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'इनबाउंड रूल्स' उघडा, नावाप्रमाणे लावा. ज्या घरात टॅली वर्षानुवर्षं चाललंय तिथे त्याच नावाच्या ओळी एकाखाली एक दिसतात: तीन-चार हिरव्या खुणेच्या, आणि मधेच दोन लाल. भावाने एकदा घातलेली, दुकानातल्या पोराने एकदा घातलेली, आणि दिवाळीत पाहुण्याने दाबलेलं 'कॅन्सल'. लाल ओळीवर दोनदा क्लिक करा, 'प्रोग्राम्स अँड सर्व्हिसेस'मध्ये फाइलचा रस्ता बघा. प्रोग्राम ओळखीचा असेल तर ती लाल ओळ 'डिसेबल' करा. लगेच डिलीट करू नका, दोन दिवस काम नीट चाललं की मग करा.

इशारा: ज्याचं नाव ओळखता येत नाही अशा लाल ओळीला हात लावू नका. ती कुणीतरी विचार करूनही घातलेली असू शकते.

## टप्पा ५: दुसरी फायरवॉल बाजूला करा

रस्ता अ. पॅकेज उघडा, फायरवॉलचा भाग शोधा, बंद करा. बंद करताना ते बहुधा विचारतं: १५ मिनिटांसाठी, पुन्हा सुरू करेपर्यंत, की कायमचं? इथे 'कायमचं' निवडा. 'पुन्हा सुरू करेपर्यंत' निवडणारे दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणतात की प्रश्न परत आला. पर्याय नसेल तर पॅकेज पुन्हा बसवताना 'कस्टम' निवडून फायरवॉलचा भाग वगळता येतो का ते बघा. त्यानंतर 'मॅनेज प्रोव्हायडर्स'मध्ये जाऊन विंडोजची चालू झाली का हे बघायलाच हवं. ती आपोआप येते असं गृहीत धरू नका.

रस्ता ब. क्रम असा:

१. वायफाय बंद करा किंवा केबल काढा. मधला काही वेळ कॉम्प्युटरवर एकही फायरवॉल नसू शकते.
२. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. पॅकेज शोधून 'अनइन्स्टॉल'. सेटिंग्ज किंवा की ठेवायची का विचारलं तर, तेच पॅकेज परत बसवायचं नसेल तर 'पूर्ण काढा'च.
३. 'रीस्टार्ट'. शटडाउन करून परत चालू करणं नव्हे. विंडोजच्या शटडाउनमध्ये 'फास्ट स्टार्टअप'मुळे आतलं बरंच काही तसंच गोठवून ठेवलं जातं आणि अर्धवट काढलेला ड्रायव्हर पुन्हा जागा होतो. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही.
४. आता रिमूव्हल टूल चालवा. काही टूल सेफ मोडमध्येच चालतात: शिफ्ट दाबून 'रीस्टार्ट', मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि ४ आकडा.
५. पुन्हा रीस्टार्ट.
६. दोन पॅकेज काढायची असतील तर एक पूर्ण संपवून मगच दुसरं. दोन्ही अनइन्स्टॉल एकदम सुरू करू नका.

नेहमीच्या चुका, आणि त्या का महागात पडतात

प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर डिलीट करणं. फोल्डर जातं, ड्रायव्हर राहतो, आणि आता त्याला काढणारा अनइन्स्टॉलरही गेलेला असतो. असं झालं असेल तर तेच पॅकेज वरून पुन्हा बसवा आणि मग रीतसर काढा. विचित्र वाटेल, पण सगळ्यात कमी त्रासाची वाट हीच.

'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन विंडोज डिफेंडर फायरवॉलची सर्व्हिस बंद करणं. मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की ही सर्व्हिस थांबवू नका. स्टार्ट मेनू नीट न चालणं, स्टोअरची ॲप्स अपडेट न होणं असे भलतेच प्रश्न त्यातून उभे राहतात. 'बेस फिल्टरिंग इंजिन' नावाच्या सर्व्हिसचंही तेच. विंडोजची फायरवॉल खरंच बंद ठेवायची असेल तर प्रोफाइलच्या बटणाने करा, सर्व्हिस चालू राहू द्या. कुणी आधीच बंद करून ठेवली असेल तर दोन्ही 'ऑटोमॅटिक' करून रीस्टार्ट करा.

## टप्पा ६: नेट परत जोडा आणि मोजा

नेट जोडण्याआधी फायरवॉलच्या पानावर जा. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक, तिन्हींपुढे 'चालू' दिसलं पाहिजे. एखादी बंद असेल तर चालू करा. मग नेट जोडा.

नेट चाललं तर पुढच्या टप्प्यावर जा. नाही चाललं तर घाबरू नका, खालच्या क्रमाने बघा:

कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरला पिंग करा, म्हणजे 'ping' लिहून पुढे त्याचा पत्ता द्या आणि उत्तर येतं का बघा (बहुतेक घरांत पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१). उत्तर आलं तर ८.८.८.८ या बाहेरच्या (गूगलच्या) पत्त्याला करा. दोन्हीकडून उत्तर येतं पण साइट उघडत नाही, म्हणजे अडथळा डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) आहे. पॅकेजने स्वतःचा डीएनएस लावून ठेवला असेल, तो 'ऑटोमॅटिक' करा. राउटरकडूनच उत्तर नाही, तर नेटवर्क ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथल्या टिक केलेल्या यादीत काढलेल्या पॅकेजच्या नावाचा फिल्टर दिसला तर तो निवडून 'अनइन्स्टॉल' करा. 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स', 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' आणि 'इंटरनेट प्रोटोकॉल'च्या ओळी तशाच राहू द्या.

तरीही नाही? मग शेवटचा उपाय: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, 'नेटवर्क रीसेट'. याने वायफायचे सगळे पासवर्ड पुसले जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं आणि घरचं वायफाय 'पब्लिक' होऊन बसू शकतं. ते पुन्हा 'प्रायव्हेट' करायला विसरू नका, नाहीतर प्रिंटर परत गायब.

## टप्पा ७: नियम एकेक करून लावा

सगळे प्रोग्राम एकदम उघडून पटापट 'अलाउ' करत सुटू नका. एक उघडा, चालवा, मग दुसरा.

टॅली: लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेल तर परवानगी *त्या* कॉम्प्युटरवर द्यावी लागते, जिथे लायसन्स आहे. लोक नेमकी उलटीकडे देतात. गेटवे सर्व्हरचा, म्हणजे लायसन्स पुरवणाऱ्या भागाचा, पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) साधारणपणे ९९९९ असतो, तोच तुमच्याकडे आहे का ते टॅलीच्या कॉन्फिगरेशनमध्ये बघा. परवानगी फक्त 'प्रायव्हेट'साठी द्या. अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला हिशोब घरी येऊन बघायचा असेल तर त्यासाठी घरच्या राउटरवर पोर्ट उघडायची गरज नाही, व्हीपीएनने जोडा.

प्रिंटर: बहुधा नियम लागतच नाही. जुना काढून नव्याने जोडा.

व्हीपीएन: किल स्विच बंद ठेवून आधी जोडा, चाललं की मग चालू करा.

एमसायनर: चालत नसेल तर फायरवॉलच्या आधी अँटीव्हायरसमधली 'वेब प्रोटेक्शन' बघा, ती ब्राउझर आणि एमसायनर यांच्या मध्ये येऊ शकते.

सगळं चाललं की पुन्हा 'एक्सपोर्ट पॉलिसी' करून नवी प्रत ठेवा. जुनी आठवडाभर सांभाळा.

## नूतनीकरणाच्या वेळी

वर्षाने मुदत संपते, दुकानदार दुसऱ्या कंपनीचं स्वस्त कार्ड देतो आणि पोराला घरी पाठवतो. पोरगा जुन्यावरच नवं बसवून दहा मिनिटांत जातो. त्याला दारातच सांगा: आधी जुनं काढ, रीस्टार्ट कर, मग नवं बसव, आणि बसवताना 'कस्टम'मध्ये फायरवॉलचा भाग वगळ. तो निघायच्या आधी 'मॅनेज प्रोव्हायडर्स'चं पान त्याच्याच समोर उघडा. फायरवॉलखाली एकच नाव 'चालू' दिसलं की पैसे द्या.